फोनवरचे मेसेज संगणकावर पूर्ण येत नाहीत. संस्थेसाठी त्यांची नोंद कशी ठेवावी?

प्रश्न (उचगाव परिसर, ता. बेळगाव)

नमस्कार. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याच्या बाजूला, चंदगडच्या हद्दीजवळ आमची महिलांची लहानशी दूध संस्था आहे आणि तिचे लिखाणकाम माझ्याकडे आहे. संकलनाची वेळ बदलली, जनावरांचे डॉक्टर येणार असले किंवा दूध बिल बँकेत जमा झाले, की मी सभासदांना फोनवरून मेसेज करते. काही जणींना मराठीत आणि काही जणींना कन्नडमध्ये पाठवते, कारण जिला जी भाषा वाचता येते त्याच भाषेत तिला निरोप मिळावा, असे आम्ही सर्वांनी मिळून ठरवले आहे. अनेक जणींकडे अजून बटणांचे फोन असल्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर सर्व काम भागत नाही.

कार्यालयातील विंडोज संगणकावर हे मेसेज दिसावेत म्हणून मी दोन मार्ग वापरून पाहिले. पहिला मार्ग ब्राउझरमध्ये क्यूआर कोड स्कॅन करून मेसेज उघडण्याचा आहे. तो सकाळी व्यवस्थित चालतो, पण दुपारी मी फोन घेऊन हद्दीजवळच्या संकलन केंद्रावर गेले, की कार्यालयातल्या सहकारी ताईंना संगणकावर ‘फोन जोडलेला नाही’ असे दिसू लागते. दुसरा मार्ग विंडोजमध्येच असलेल्या फोन जोडण्याच्या सोयीचा आहे. त्यात महिन्याभरापूर्वीचे मेसेज दिसत नाहीत आणि काही सभासदांची उत्तरे फोनवर असूनही संगणकावर येतच नाहीत. म्हणून मी निवडक मेसेज एक्सेलमध्ये चिकटवून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर) फाइल करून ठेवू लागले, तर ती पुन्हा उघडल्यावर मराठी आणि कन्नड मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसतात.

वार्षिक सभेत एखाद्या सभासदाने ‘मला निरोप मिळालाच नाही’ असे म्हटले, तर तिच्यासमोर खरी नोंद ठेवता यावी, एवढीच माझी इच्छा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निपाणी, मोबाइल दुरुस्ती)

ताई, तुमच्या दुपारच्या अडचणीबद्दल आधी लिहितो, कारण सीमेलगतच्या गावांतून अशी तक्रार घेऊन येणारी माणसे मला नेहमी भेटतात. ब्राउझरमध्ये उघडणारे गूगल मेसेजेस क्यूआर कोडने जोडले, तरी मेसेज पाठवण्याचे आणि घेण्याचे काम फोनच करतो. संगणक केवळ ते दाखवतो. त्यामुळे फोन आणि संगणक एका जागी नसले तरी चालते, परंतु फोनचे इंटरनेट चालू असलेच पाहिजे.

मोबाइल सेवेच्या परवान्यांच्या दृष्टीने बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये (सेवाक्षेत्रात) येते आणि चंदगड महाराष्ट्र सर्कलमध्ये. हद्दीजवळ उभे राहिल्यावर तुमचे कर्नाटकचे सिम महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या बाजूचा टॉवर पकडत असेल, तर काही फोन त्याला रोमिंग समजतात, आणि सेटिंगमध्ये ‘डेटा रोमिंग’ बंद असेल तर इंटरनेट तिथेच थांबते. फोन लागतो, साधा मेसेजही येतो, म्हणून माणसाला नेटवर्क ठीक आहे असेच वाटते. केंद्रावर पोहोचल्यावर नेटवर्कच्या दांड्यांजवळ इंग्रजी ‘आर’ हे अक्षर उमटते का, ते पाहा. उमटत असेल तर सिमच्या सेटिंगमध्ये जाऊन डेटा रोमिंग सुरू करा. देशातल्या देशात बहुतेक पॅक सगळीकडे चालतात, तरी आपल्या पॅकच्या अटी एकदा वाचून घ्याव्यात.

‘आर’ दिसत नसेल तर बॅटरीकडे वळा. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून, स्क्रीन बंद असलेला फोन बराच वेळ हलवला नाही, तर मागे चालणाऱ्या अ‍ॅपना तो झोपवून ठेवतो, आणि काही कंपन्यांच्या फोनमध्ये हे बंधन आणखी कडक असते. मेसेजेसच्या अ‍ॅपची माहिती उघडून बॅटरीच्या पर्यायात ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा आणि ‘ऑटोस्टार्ट’ नावाची परवानगी असेल तर तीही द्या. विंडोजची फोन लिंक वापरत असाल तर फोनमधील ‘लिंक टू विंडोज’ या अ‍ॅपलाही हेच लागू आहे. अ‍ॅप काढून पुन्हा टाकण्याची घाई मात्र करू नका, कारण या दोन गोष्टी जशाच्या तशा राहिल्या तर नवे अ‍ॅपही दुपारी तसेच थांबेल.

उत्तर २ (बेळगाव शहर, संगणक शिक्षक)

वरील उत्तर योग्य आहे, परंतु तुमचा मूळ हेतू नोंद ठेवण्याचा आहे आणि तो जोडणी दुरुस्त होऊनही साधणार नाही. तुम्ही वापरलेले दोन्ही मार्ग फोनमध्ये डोकावण्याच्या खिडक्या आहेत. फोन हरवला, बिघडला किंवा त्यातून एखादा मेसेज पुसला गेला, तर या खिडक्यांतून काहीच दिसणार नाही. फोन लिंक तर साधारण शेवटच्या ३० दिवसांचेच मेसेज दाखवते. तिची रचनाच तशी आहे. त्यात तुमच्या फोनचा काही दोष नाही.

काही सभासदांची उत्तरे न दिसण्याचे कारण बहुधा आरसीएस (इंटरनेटवरून चालणारी मेसेजची नवी पद्धत) हे असावे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांचे उत्तर पुष्कळदा साध्या एसएमएसऐवजी आरसीएस म्हणून इंटरनेटवरून येते. तुमच्या फोनवर दोन्ही एकाच संवादात, एकाखाली एक दिसतात, पण फोन लिंकमध्ये काही निवडक सॅमसंग फोन सोडले तर आरसीएस मेसेज येत नाहीत. याची खात्री करणे सोपे आहे. ज्या सभासदाचे उत्तर गायब आहे तिचा संवाद फोनवर उघडा आणि मजकूर लिहिण्याच्या चौकटीत ‘आरसीएस मेसेज’ असे फिकट अक्षरांत लिहिलेले दिसते का, ते पाहा. संस्थेच्या कामासाठी मेसेजेसच्या सेटिंगमधून आरसीएस बंद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मग सर्वांची उत्तरे साध्या एसएमएसने येतील आणि नोंदही एकाच प्रकारची राहील.

नोंदीसाठी फोनवर ‘एसएमएस बॅकअप अँड रिस्टोर’ हे अ‍ॅप घ्या. ते सर्व मेसेज एका एक्सएमएल फाइलमध्ये (खुणांनी माहितीचे भाग वेगळे केलेल्या मजकूर-फाइलमध्ये) उतरवते आणि ठरवून दिलेल्या वेळी आपोआप नवी प्रत काढू शकते. ती फाइल केबलने संगणकावर घ्या आणि एक्सेलच्या ‘डेटा’ विभागातून एक्सएमएल म्हणून आत घ्या. प्रत्येक मेसेजची एक ओळ होते. तिच्यात समोरचा क्रमांक, मजकूर आणि वेळ असते, आणि ‘टाइप’ नावाच्या रकान्यात आलेल्या मेसेजसमोर १ आणि पाठवलेल्यासमोर २ असा आकडा असतो. वेळेचा मोठा आकडा पाहून गोंधळू नका, कारण तो १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद मोजतो. वाचता येईल अशी तारीख शेजारच्या वेगळ्या रकान्यात मिळते.

तुमच्या सभेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा रकाना ‘स्टेटस’चा आहे. मेसेज पाठवला म्हणजे तो पोहोचला असे होत नाही. मेसेजेसच्या सेटिंगमधील प्रगत पर्यायांत ‘डिलिव्हरी रिपोर्ट’ सुरू केला, तर त्यानंतर पाठवलेल्या प्रत्येक मेसेजसमोर पोहोचल्याची पावती आली असल्यास ०, ती यायची बाकी असल्यास ३२ आणि मेसेज पोहोचू शकला नसल्यास ६४ असा आकडा नोंदला जातो. रिपोर्ट बंद असताना पाठवलेल्या मेसेजसमोर उणे १ दिसेल. त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. सभासदावर आरोप करण्यासाठी ही नोंद वापरली जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. मात्र जिच्या नावासमोर वारंवार ६४ येते तिचा क्रमांक बदलला आहे का, हे तिच्या घरी जाऊन विचारता येईल, आणि संस्थेला त्याचा अधिक उपयोग होईल.

प्रश्नकर्ती

सर, निपाणीचे दादा, दोघांचीही मी आभारी आहे. केंद्रावर गेल्यावर ‘आर’ हे अक्षर खरोखरच दिसले आणि डेटा रोमिंग सुरू केल्यावर कार्यालयातील जोडणी दुपारीही टिकली. उत्तरे न दिसणाऱ्या सभासदांच्या संवादात ‘आरसीएस मेसेज’ असेच लिहिलेले होते. डिलिव्हरी रिपोर्टही आता सुरू केला आहे. पण माझ्या जुन्या सीएसव्ही फाइलींतील प्रश्नचिन्हांचे काय करावे? आणखी एक शंका आहे. माझ्या पॅकमध्ये दिवसाला १०० मेसेज मिळतात आणि सभासद त्याहून पुष्कळ कमी आहेत, तरी एखादा लांब निरोप सर्वांना पाठवताना मर्यादा संपल्याची सूचना का येते?

उत्तर ३ (चिकोडी)

प्रश्नचिन्हांबद्दल वाईट बातमी आधी सांगावी लागेल. एक्सेलमधून साध्या ‘सीएसव्ही’ या प्रकारात फाइल साठवली, तर संगणकाच्या जुन्या इंग्रजी अक्षरसंचात न बसणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले जाते. मूळ अक्षर फाइलमध्ये उरतच नाही, त्यामुळे कोणताही फॉन्ट टाकून किंवा कोणतेही सॉफ्टवेअर वापरून ते परत येणार नाही. ते मेसेज फोनमध्ये अजून असतील तर वर सांगितल्याप्रमाणे एक्सएमएल प्रत काढून तिच्यातूनच पुन्हा घ्या. पुढे साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा (सर्व भाषांची अक्षरे साठवू शकणारा) वेगळा प्रकार निवडा, किंवा सरळ एक्सेलच्या स्वतःच्या फाइलप्रकारात ठेवा.

एखाद्या फाइलमध्ये प्रश्नचिन्हांऐवजी ‘à’ सारखी विचित्र लॅटिन अक्षरे ओळीने दिसत असतील, तर मात्र ती फाइल टाकून देऊ नका. तिथे मजकूर बहुधा शाबूत असतो आणि एक्सेलने तो चुकीच्या पद्धतीने वाचलेला असतो. दोनदा क्लिक करून उघडण्याऐवजी ‘डेटा’ विभागातून मजकूर-फाइल म्हणून आत घ्या आणि यूटीएफ-८ निवडा, म्हणजे मराठी आणि कन्नड दोन्ही नीट दिसतील.

आता मर्यादेविषयी. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साध्या इंग्रजी मजकुराची त्यात १६० अक्षरे बसतात, पण देवनागरी किंवा कन्नडचे एक जरी अक्षर आले तरी संपूर्ण मेसेज दुसऱ्या पद्धतीने मोजला जातो आणि ७० अक्षरांतच भरतो. मजकूर त्याहून लांब झाला तर त्याचे तुकडे होतात. तुकडे जुळवण्याची माहिती प्रत्येक तुकड्यात घालावी लागत असल्यामुळे एका तुकड्यात ६७ च अक्षरे उरतात. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सर्व वेगवेगळे मोजले जातात: ‘खानापूर’ वाचताना चार अक्षरांचा असला तरी मोजणीत सातचा होतो आणि ‘स्त्री’ एकटीच सहाची होते. म्हणजे २०० अक्षरांचा तुमचा निरोप तीन मेसेजचा होतो, आणि चाळीस जणींना पाठवला तर १२० मेसेज खर्ची पडतात. पूर्ण इंग्रजी मेसेजमध्येही ‘₹’ हे चिन्ह घातले की सामान्यतः हीच मोजणी लागू होते. तिथे इंग्रजी अक्षरांत ‘आर’ आणि ‘एस’ लिहिलेले परवडते.

मराठी सोडून इंग्रजी अक्षरांत निरोप लिहा, असा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. माझी विनंती आहे की तो मानू नये. ‘उद्या संकलन सकाळी ६ ऐवजी ७ वाजता. - संस्था’ एवढा मजकूर ७० मध्ये आरामात बसतो. प्रास्ताविक आणि नमस्कार वगळून तारीख, वेळ आणि काम एवढेच लिहिले, तर बहुतेक निरोप एकाच मेसेजमध्ये मावतात आणि बटणांच्या फोनवरही एका नजरेत वाचले जातात.

उत्तर ४ (खानापूर)

एक गोष्ट राहिली आहे. ज्या फोनवर संस्थेच्या बँक खात्याचे ओटीपी येतात तोच फोन कार्यालयातल्या संगणकाला जोडला असेल, तर ओटीपीसुद्धा तिथल्या पडद्यावर दिसतो. संगणकावर प्रत्येकीसाठी वेगळे लॉगिन ठेवा, उठून जाताना विंडोजचे बटण आणि ‘एल’ एकदम दाबून त्याचा पडदा लॉक करा, आणि मेसेजेस अ‍ॅपमधील ‘डिव्हाइस पेअरिंग’ मध्ये जाऊन कोणकोणते संगणक जोडलेले आहेत ते अधूनमधून तपासा. तिथे अनोळखी किंवा जुना संगणक दिसला तर लगेच काढून टाका. अँड्रॉइड १५ पासून सूचना वाचणाऱ्या इतर अ‍ॅपना ओटीपीचा मजकूर झाकून दिला जातो, पण क्यूआर कोडने उघडलेल्या मेसेजच्या पानावर तो पूर्ण दिसतो, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. शक्य असेल तर बँकेचा क्रमांक वेगळ्या साध्या फोनवर ठेवावा आणि एक्सएमएलची प्रत एका पेनड्राइव्हवर घेऊन ती संस्थेच्या कपाटात, दूध बिलाच्या वह्यांबरोबर ठेवावी.