पालिकेची नवी संगणक प्रणाली: शुक्रवारच्या बैठकीत काय मांडायचं?

ए-३०४ (सचिव): नमस्कार मंडळी. प्रभाग कार्यालयातून निरोप आलाय. पालिका जुनी संगणक प्रणाली बदलते आहे. मालमत्ता कर, पाणीपट्टी, दाखले, नळजोडणी, तक्रारी, सगळंच नव्यावर जाणार. शुक्रवारी दुपारी चारला सोसायट्यांच्या प्रतिनिधींची बैठक आहे आणि सूचना लेखी मागितल्यात. आज-उद्यात इथे सोसायटीच्या ग्रुपवर लिहा, मी पत्र तयार करतो.

बी-१०२: माझी एकच सूचना. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात साइट चालू राहू दे. बाकी रंगरंगोटी काहीही करा.

सी-२०३: दरवर्षी तेच. ३० तारखेला रात्री कर भरला, खात्यातून पैसे गेले, पावती नाही. शास्ती लागेल म्हणून सकाळी पुन्हा भरला. आता एकाच बिलाचे दोनदा पैसे गेलेत आणि खिडकीवर सांगतात, बँकेत विचारा.

ए-५०१ (काकू): मला नातीचा जन्मदाखला हवा होता, शाळेसाठी. नोंद सापडते पण सुनेच्या नावात रफार नाही. दुरुस्तीचा अर्ज दिला, तर म्हणे मूळ रजिस्टर बघावं लागेल.

डी-४०१: यावर उपाय सोपा आहे. सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरवर न्या. मार्चमध्ये क्षमता वाढवायची, एप्रिलमध्ये कमी करायची. आमच्या कंपनीत सणासुदीच्या सेलला हेच करतो. जुना सर्व्हर बदलून आणखी एक मोठा सर्व्हर आणण्यात अर्थ नाही.

बी-६०२ (ताई): दादा, क्लाउडचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, पत्रात नक्की घालू. केंद्र सरकारने मान्यता दिलेले क्लाउड पुरवठादार आहेत, त्यामुळे पालिकेला अडचण नाही. पण तेवढ्याने भागणार नाही. मी निवृत्त होईपर्यंत एका महापालिकेच्या संगणक विभागात होते (इथल्या नव्हे). थोडं सविस्तर लिहिते, सचिवांना उपयोगी पडेल.

डी-४०१: लिहा ना ताई.

बी-६०२ (ताई): आधी ताण कुठून वाढला ते बघा. आपल्या राज्यात कल्याण-डोंबिवलीने २००० च्या सुमारास संगणकीकरणात आघाडी घेतली, नागरी सुविधा केंद्र काढलं, आणि पुढे बाकीच्या पालिकांनी तोच नमुना उचलला. मग २००५ मध्ये जेएनएनयूआरएम ही शहरांसाठीची केंद्राची योजना आली. केंद्राचा निधी हवा तर ई-गव्हर्नन्स करा, म्हणजे कारभार संगणकावर आणा, अशी अटच होती. बऱ्याच पालिकांच्या प्रणालींची मुळं त्या काळातली आहेत. तेव्हा नागरिक खिडकीवर यायचा आणि संगणक वापरायचा फक्त कारकून. दिवसभरात किती पावत्या फाटतील ते खिडक्यांच्या संख्येवरून ठरायचं. आता प्रत्येक घरातला मोबाइल ही एक खिडकी झाली आहे. त्या रचनेवर नुसती वेबसाइट जोडली, तर ती शेवटच्या तारखेला बसणारच.

त्यात हद्द वाढते. पुण्याचंच घ्या, २०१७ ला ११ गावं आली आणि २०२१ ला आणखी २३. गाव आलं की नुसती माणसं येत नाहीत, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या, म्हणजे घरपट्टीच्या वह्या येतात. त्यातल्या घरांना पालिकेचे मालमत्ता क्रमांक द्यायचे, क्षेत्रफळ पुन्हा मोजायचं, मालक कोण आणि राहतो कोण ते बघायचं. आपल्याकडेही नदीपलीकडची वस्ती अशीच आत आली आहे.

आणि कायदेही बदलले. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. त्याने अधिसूचित सेवेला मुदत बांधली, मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, त्यात २०२३ ला दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, सरकारी नोकरी, सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार. म्हणजे त्या एका कागदाची मागणी कमी होणं शक्य नाही.

ए-५०१ (काकू): मग त्यावरचं नाव तरी नीट असायला हवं गं.

बी-६०२ (ताई): काकू, मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. नव्या नोंदी केंद्राच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या सीआरएस पोर्टलवर होतात. पण त्याआधीच्या नोंदी पालिकेच्या संगणकात आहेत, आणि त्याही आधीच्या रजिस्टरमध्ये. ते जुनं मराठी कसं टाइप केलेलं आहे ते सांगते. तेव्हा युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला संकेत, सर्रास नव्हतं. विशिष्ट फॉन्ट टाकून मराठी लिहायचो. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठायचे, फॉन्टमुळे पडद्यावर मराठी दिसायचं. फॉन्ट काढला की नुसती गिचमिड.

आता ते सगळं युनिकोडमध्ये आणायचं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलटं. तो जुन्यात अक्षरानंतर ठेवलेला असतो आणि युनिकोडमध्ये ‘र्’ आधी यावा लागतो. रूपांतराचं सॉफ्टवेअर हे बहुतेक वेळा बरोबर करतं, पण जिथे टाइप करणाऱ्याने दोनदा वेलांटी दिली किंवा रफार आधीच्या अक्षरावर टाकला, तिथे नाव मोडतं. कुलकर्णी, शर्मा, पूर्वा, कीर्ती, ही नावं हमखास अडकतात. काकू, तुमच्या सुनेचं नाव काय ते मला माहीत आहे म्हणून सांगते, ते याच प्रकारातलं आहे.

सी-२०३: म्हणजे नवीन प्रणाली आली की हे आणखी वाढणार?

बी-६०२ (ताई): घाई केली तर वाढणार. पालिकेची प्रणाली बदलताना मशीन आणि सॉफ्टवेअरवर चर्चा होते, निविदा त्याचीच निघते. माहिती जुन्यातून नव्यात नेण्याला मात्र निविदेत एखादी ओळ मिळते, ‘डेटा स्थलांतर समाविष्ट’. खरं काम तिथे आहे. एकाच घराला दोन मालमत्ता क्रमांक, वारलेल्या माणसाच्या नावाने बिल, पाडलेल्या चाळीवर थकबाकी, मोबाइल नंबरच्या जागी दहा शून्यं. हे सगळं मी पाहिलेलं आहे. हे तसंच उचलून नव्यात टाकलं तर नव्या प्रणालीतून तीच चुकीची बिलं जास्त वेगाने निघतील.

बी-१०२: ताई, हे पटलं. पण पालिका म्हणेल, तपासायला माणसं नाहीत.

बी-६०२ (ताई): त्यासाठीच सोसायट्यांना बरोबर घ्यावं. आपल्याकडे सभासदांची यादी आहे, भाग प्रमाणपत्रं आहेत, हस्तांतरणाची नोंद आहे. पालिकेने प्रत्येक सोसायटीला तिच्या सदनिकांची यादी द्यावी, फ्लॅट क्रमांक, नाव, क्षेत्रफळ. आपण तपासून सही-शिक्क्यानिशी परत देऊ. ही सूचना पत्रात सगळ्यात वर असावी असं मला मनापासून वाटतं.

ए-३०४ (सचिव): घेतली, पहिल्या क्रमांकावर. पण मोबाइल नंबर यादीत नकोत, ते ज्याचे त्याने द्यावेत.

बी-६०२ (ताई): अगदी बरोबर.

सी-२०३: माझ्या दुहेरी पैशांचं काय?

बी-६०२ (ताई): दादा, यात दोन शक्यता असतात. पैसे तुमच्या खात्यातून निघाले पण पालिकेपर्यंत पोचलेच नाहीत, तर रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. यूपीआयने व्यापाऱ्याला किंवा संस्थेला दिलेले असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. ते बँकेकडे मागा.

दुसरी शक्यता, पैसे पालिकेच्या खात्यात जमा झाले, पण त्या क्षणी सर्व्हर अडकलेला होता म्हणून बँकेचा ‘जमा झाले’ हा निरोप तुमच्या मालमत्ता क्रमांकावर चढला नाही. मग बँकेसाठी व्यवहार यशस्वी आणि पालिकेसाठी तुम्ही थकबाकीदार. इथे बँक काही करू शकत नाही. व्यवहार क्रमांक आणि पासबुकाची नोंद जोडून प्रभाग कार्यालयात अर्ज द्या, जादा रक्कम पुढच्या बिलात वळती करून मागा. पोच घ्यायला विसरू नका.

सी-२०३: हे मला खिडकीवर कोणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद ताई.

डी-४०१: तांत्रिक बाजूने हे सोडवता येतं. निरोप आला नाही तर प्रणालीने स्वतःहून थोड्या थोड्या वेळाने पेमेंट कंपनीला विचारायचं आणि रोज रात्री बँकेच्या यादीशी ताळमेळ घालायचा. नागरिकाला अर्ज करावाच लागू नये. शिवाय कर भरल्यावर ‘व्यवहार तपासला जात आहे, पुन्हा भरू नका’ असं स्पष्ट मराठीत दिसावं.

बी-६०२ (ताई): हे वाक्य जसंच्या तसं पत्रात टाका सचिव.

ए-१०१: मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो. सॉफ्टवेअर कुणाचं? आज एका कंपनीचं, उद्या करार संपला की दुसरी कंपनी, आणि आपली माहिती पहिलीकडे अडकलेली.

डी-४०१: काका, त्यासाठी मुक्त स्रोताचे, म्हणजे कुणालाही घेऊन वापरता-बदलता येईल अशा सॉफ्टवेअरचे पर्याय आहेत. ‘डिजिट’ नावाचा मंच पंजाबमधल्या शहरांत वापरला गेलाय. केंद्राने २०२१ ला राष्ट्रीय नागरी डिजिटल मिशन सुरू केलं, त्यातलं ‘उपयोग’ हे सॉफ्टवेअरही त्याच पायावर आहे.

बी-६०२ (ताई): पालिका कोणतं घेईल ते आपण ठरवू शकत नाही, पण करारात काय असावं ते मागू शकतो. माहितीची मालकी पालिकेची. करार संपताना सगळी माहिती वाचता येईल अशा स्वरूपात, कोणत्या रकान्यात काय आहे त्याच्या वर्णनासकट, ठरलेल्या मुदतीत परत. आणि स्वीकृतीची चाचणी खऱ्या गर्दीची करावी. ऑगस्टमधल्या एखाद्या निवांत दुपारी प्रणाली छान चालते म्हणून बिल मंजूर करू नये. ३१ मार्चला जितके लोक एकाच वेळी येतात त्याच्या दुप्पट भार टाकून बघावा, तोही चालू करण्याआधी.

ए-१०१: आणि सुरक्षितता? पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर २०२१ ला रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारा हल्ला झाला होता. दिल्लीच्या एम्समध्ये २०२२ ला तेच.

डी-४०१: सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी, आणि बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली. नुसता बॅकअप घेऊन उपयोग नाही, तो परत चढवून बघायला हवा. दर तीन महिन्यांनी.

ए-५०१ (काकू): मी एक सांगू का? खिडकी बंद करू नका म्हणावं. मागे वाचलं, सगळं ऑनलाइन होणार. मला ओटीपी येतो तोवर पान बंद होतं. आमच्या बिल्डिंगमधल्या कामवाल्या मुलींनाही दाखले लागतात, त्या कुणाकडे जातील? बाहेर बसलेल्या माणसाला पैसे देऊन करून घेतात.

बी-६०२ (ताई): काकू, फार महत्त्वाचं बोललात. ऑनलाइन वाढलं की खिडकीवरची गर्दी कमी होते, मग तिथला माणूस हलवतात. खरं तर आता त्याला वेळ मिळालेला असतो. ज्यांचं प्रकरण अडलंय, नाव दुरुस्ती, वारसा नोंद, दुहेरी बिल, त्यांच्यासाठी तो तिथे हवाच. ऑनलाइनवाल्याला आणि खिडकीवाल्याला एकच अर्ज क्रमांक आणि मुदतही तीच.

बी-१०२: माझ्या एका सूचनेचं एवढं मोठं पत्र होईल असं वाटलं नव्हतं. पण सचिव, मार्चचा मुद्दा राहू द्या. जर साइट पालिकेच्या बाजूने बंद असेल तर तेवढ्या दिवसांची शास्ती लागू नये. दरमहा २ टक्के थोडे नाहीत.

ए-३०४ (सचिव): घातला. साइट बंद असल्याची वेळ पालिकेनेच नोंदवून जाहीर करावी, असंही लिहितो, म्हणजे वाद नको.

डी-४०१: शुक्रवारी मी सुट्टी घेऊन येतो. ताई, तुम्ही पण चला. तिथे संगणक विभागाचे लोक असतील, तुमच्यासारखं कोणी विचारलं तर ते नीट उत्तर देतील.

बी-६०२ (ताई): येते. त्या लोकांना दोष द्यायचा नाही, एवढं ठरवून जाऊ. मार्चमध्ये ते रात्री रात्री ऑफिसात थांबतात. मी थांबलेय.

ए-३०४ (सचिव): ठीक. पत्राचा मसुदा उद्या संध्याकाळी इथे टाकतो. तोपर्यंत प्रत्येकाने या वर्षीचं बिल काढून नाव, फ्लॅट क्रमांक आणि क्षेत्रफळ आपल्या करारनाम्याशी पडताळून बघा. फरक असेल तर मला खाजगी मेसेज करा, ग्रुपवर बिलाचे फोटो टाकू नका. पत्रासोबत आपल्या इमारतीतल्या चुकांची यादी जोडू.

सी-२०३: माझ्या बिलावर अजून बिल्डरचंच नाव आहे, आत्ता बघितलं. खाजगीत पाठवतो.

ए-५०१ (काकू): माझ्यावर यांचं आहे. ते जाऊन किती वर्षं झाली. मृत्यूचा दाखला आहे माझ्याकडे, कुठे द्यायचा?

बी-६०२ (ताई): काकू, उद्या सकाळी वर येते. वारसा नोंदीचा अर्ज आपण दोघी बसून भरू.