छतावर सोलर, घरात अंधार: अभ्यासासाठी अनुदान मागायचं की नाही?

वायरमनकाका

बडोदेकरांनो, जरा लांबण आहे, चहा घेऊन बसा.

ऑगस्ट २०२४ चा पूर. विश्वामित्री नदीने काळ्या घोड्याच्या पुलापाशी ३५ फुटांची पातळी ओलांडली होती आणि आमच्या मुजमहुड्याच्या गल्लीत होडी फिरत होती. तळमजल्यावरचे मीटर पाण्यात होते, त्यामुळे वीज बंद ठेवली ते बरोबरच. माझं दुखणं वेगळं आहे. त्याच वर्षी मी गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं होतं. पाऊस थांबला, ऊन पडलं, पॅनल चकाकायला लागले आणि घरात मिट्ट काळोख. शेजारच्या आजींचं इन्सुलिन फ्रिजमध्येच कोमट होत होतं.

कारण साधं आहे. आपल्याकडचे बहुतेक घरगुती सोलर इन्व्हर्टर ऑनग्रिड, म्हणजे कंपनीच्या लाईनला जोडूनच चालणारे असतात. लाईन मेली की ते स्वतःहून बंद होतात, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या गच्चीवरून करंट जायचा. अंधार नको असेल तर लाईन नसतानाही बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी हवी. केंद्राच्या छतावरच्या सोलरसाठीच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात, पण ते पॅनलच्या सिस्टीमला, बॅटरीला त्यात रुपया नाही.

आता हिशेब. आपल्या उन्हात ३ किलोवॅट दिवसाला साधारण १२ युनिट देतं, ढगाळ असेल तर निम्मं धरा. चाळीस मोबाइल चार्ज करायला पाऊण युनिटही लागत नाही. नऊ वॅटचे दहा दिवे सहा तास, अर्धं युनिट. लहान फ्रिज, दिवसाला एक-सव्वा. म्हणजे पहिल्या मजल्यावर ठेवलेल्या पाच युनिटच्या एका बॅटरीत गल्लीची अत्यंत निकड भागते. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात कोणाला काय लागतं, किती तास लागतं, बॅटरी दमट हवेत कशी टिकते, चावी कोणाकडे असावी, हे दोन पावसाळे मोजल्याशिवाय कळणार नाही. तीन सोसायट्या आणि मागची वस्ती मिळून हा अभ्यास आपण करावा असं माझ्या मनात आहे. खर्च बारा-पंधरा लाख धरा.

चार ठिकाणी विचारून आलो. ऊर्जावाले म्हणतात हा पुराचा विषय, पूरवाले म्हणतात हा विजेचा. माझं मत विचाराल तर पैसे मागायचे, आणि आपल्या नावाने मागायचे. तुमचं?

सेवउसळप्रेमी

काका, मान राखून विचारतो, यात अभ्यास कसला? तुम्हीच वर हिशेब मांडलात. बॅटरी आणा, जोडा, विषय संपला. गणपतीला आपल्या तीन सोसायट्या किती वर्गणी काढतात ते मला ठाऊक आहे, मीच पावत्या फाडतो. एक वर्ष डीजे नको, बॅटरी घ्या. अनुदानाच्या मागे लागलात की दोन वर्षं फायली आणि तिसऱ्या वर्षी पूर.

वायरमनकाका

डीजे बंद करशील तर आधी तुझ्या पायाच पडतो.
पण ऐक. बॅटरी कोणाच्या घरात ठेवायची? २०१९ ला ३१ जुलैच्या एका दिवसात वीस इंचांच्या घरात पाऊस झाला. तेव्हा आमची दुसरी गल्ली बुडाली होती, ही नाही. २०२४ ला उलटं झालं. अंदाजाने घेतलेली वस्तू चुकीच्या जिन्यात जाऊन बसते.

कलाभवनची

मी इथेच युनिव्हर्सिटीत संशोधन करते, म्हणून पैशाची वाट थोडी ओळखीची आहे. काकांचा प्रश्न मला शंभर टक्के संशोधनाचा वाटतो. पण 'आपल्या नावाने' हे जमणार नाही, हे स्पष्ट सांगते.

केंद्राचं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन २०२३ च्या कायद्याने आलं. पाच वर्षांत ५०,००० कोटींचं उद्दिष्ट आहे, त्यातले १४,००० कोटी सरकारचे आणि उरलेले बाहेरून उभे करायचे. प्रस्ताव मात्र मान्यताप्राप्त संस्थेतल्या नियमित प्राध्यापकानेच द्यायचा. नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या संशोधन कार्यक्रमातही पैसे संस्थेलाच. २०२५ च्या एक लाख कोटींच्या आर-डी-आय (संशोधन, विकास, नवकल्पना) योजनेचं नाव ऐकून कोणी उड्या मारू नका, ती खाजगी उद्योगांना लांब मुदतीची स्वस्त कर्जं देण्यासाठी आहे, गल्लीसाठी नाही.

हवामानाच्या बाजूने पाहिलं तर २०१५ मध्ये हवामानबदलाशी जुळवून घेण्यासाठी राष्ट्रीय अनुकूलन निधी निघाला होता, काम नाबार्डकडे. देशभरात ३० प्रकल्प मंजूर झाले, तेही राज्य सरकारांमार्फत. २०२२ नंतर तो स्वतंत्र योजना म्हणून राहिला नाही.

म्हणून माझं म्हणणं, विभागातल्या एखाद्या सरांना पुढे करा. १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन, म्हणजे आजची आमची तंत्रज्ञान शाखा, काढलं ते कारागिराच्या हाताला शास्त्राची जोड मिळावी म्हणूनच ना? मग गल्लीचा प्रश्न तिथे न्यायला संकोच कसला?

हिशेबनीस

ट्रस्टांचे हिशेब लिहिण्यात तीस वर्षं गेली. ताईंनी एक दार दाखवलं, मी बाकीच्या दारांवरची कुलपं दाखवतो.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायचा कायद्याचा खर्च: कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे, आणि कायद्यातच स्थानिक भागाला प्राधान्य द्या असं लिहिलंय. ऐकायला गोड. पण घेणाऱ्या संस्थेकडे १२ए, ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) आणि सीएसआर-१ (सीएसआरचे पैसे घेण्याची नोंदणी) हवी आणि 'तत्सम कामाचा' तीन वर्षांचा अनुभव हवा. साठ वर्षं गणपती बसवणं हे तत्सम काम नव्हे, मी विचारून पाहिलंय! शिवाय सीएसआरमधून 'संशोधन' म्हणून पैसे जातात ते सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांना, प्रयोगशाळांना, नवउद्योग वाढवणाऱ्या इनक्युबेटरना. वस्तीने केलेला अभ्यास त्या रकान्यात बसत नाही, तो पर्यावरण किंवा आपत्ती व्यवस्थापन म्हणून दाखवावा लागतो.

परदेशी पैसा: एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायचा परवाना, नसेल तर हात लावू नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर ज्याच्याकडे परवाना आहे तोही ते पैसे पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. पूर्वी मोठी संस्था पैसे आणायची आणि लहान मंडळांना वाटायची, ती वाट बंद.

जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ पासून आहे, खास स्थानिक गटांसाठी, वर्षानुवर्षं ५०,००० डॉलरपर्यंत. काकांच्या मापाचा तोच एक दिसतो. पण तिथेही नोंदणीकृत संस्था लागतेच. माझा सल्ला, नवा ट्रस्ट काढू नका, गावातल्या एखाद्या जुन्या स्वच्छ ट्रस्टच्या पंखाखाली जा.

नदीकाठचा

सगळे पैशाच्या वाटा शोधताय, मला मूळ विषयच पटत नाही.

विश्वामित्री पावागडावरून येते. तिच्या बाजूची कोतरं, घळी, तलाव पुराचं पाणी पोटात घ्यायचे. ती भरून आपण इमले बांधले. आता पाणी घरात येतं, तर आपण म्हणणार, येऊ दे, आमच्याकडे बॅटरी आहे. या 'लवचीकते'च्या नावाखाली महापालिकेचं आणि सरकारचं काम नागरिकाच्या गळ्यात पडतं, आणि वर त्यालाच अर्ज भरायला लावतात. पुरानंतर नदीसाठी १,२०० कोटींची घोषणा झाली होती. त्याचा हिशेब मागायचा सोडून पंधरा लाखांसाठी दारोदार फिरायचं? आणि सीएसआर म्हणजे नंदेसरीच्या कारखान्यांच्या धुराड्यांचा पैसा. त्यांच्या पाटीखाली हवामानाचा अभ्यास करायचा!

वायरमनकाका

नदीकाठच्या, तुझं कोतरांचं म्हणणं मी नाकारत नाही. लहानपणी आम्ही त्याच घळीत पतंग लुटायला उतरायचो.
पण नदी मोकळी व्हायला दहा वर्षं लागली, तर ती दहा वर्षं आजींनी इन्सुलिन कुठे ठेवायचं?

नदीकाठचा

हेच वाक्य प्रत्येक पुरानंतर ऐकतो, काका. मधल्या दहा वर्षांची सोय होते आणि नदी राहून जाते.

आणंदवाला

इकडून तासाभराच्या अंतरावरचं उदाहरण देतो. ठासरा तालुक्यात ढुंडी नावाचं गाव आहे. २०१६ मध्ये तिथल्या सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. पाणी उपसून झालं की उरलेली वीज ग्रिडला विकायची. विकत घेणारी एमजीव्हीसीएल, म्हणजे तुमच्या बडोद्याचीच कंपनी, दर ४ रुपये ६३ पैसे, करार २५ वर्षांचा. बदल्यात शेतकऱ्यांनी ग्रिडचं कनेक्शन मागायचा हक्क सोडला. कल्पना आणंदला बसलेल्या आयडब्ल्यूएमआय (आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्था)-टाटा कार्यक्रमाच्या संशोधकांची, आणि बहुतेक भांडवलही संशोधनाच्याच पैशातलं. पुढे मुजकुवा गावात एनडीडीबीने, म्हणजे राष्ट्रीय डेअरी मंडळाने, तसंच केलं, २०१८ मध्ये राज्याची सूर्यशक्ती किसान योजना आली, मग केंद्राची सौरपंपांची कुसुम योजना. सहा माणसांवरचा प्रयोग धोरणापर्यंत गेला तो कोणीतरी वर्षानुवर्षं युनिट मोजली म्हणून. नुसते पंप वाटले असते तर पंपच राहिले असते.

सेवउसळप्रेमी

बरोबर, पण ढुंडीचा प्रश्न ढुंडीने विचारला होता का? संशोधक आले, त्यांनी मांडणी केली, शेतकऱ्यांनी होकार दिला. चांगलं झालं, नाही म्हणत नाही. काका मात्र 'आपल्या नावाने' म्हणताहेत, आणि ते अजून कोणी करून दाखवलेलं मला दिसलं नाही.

आणंदवाला

हे मात्र खरं आहे. शेतकऱ्यांनी घासाघीस भरपूर केली, पण पहिली ओळ त्यांनी लिहिली नव्हती.

बालवाडीवाल्या बाई

काकांनी मुख्य पोस्टमध्ये 'मागची वस्ती' असा दोन शब्दांत उल्लेख केलाय, त्या वस्तीत मी शिकवते.

पहिली गोष्ट, तिथे गच्ची नाही. पत्रे आहेत. हायब्रिड, ऑनग्रिड हे तुमचे शब्द. तिथल्या बायका पुरानंतर पहिलं पिण्याचं पाणी विचारतात, दुसरा मोबाइल, कारण तो चार्ज नसेल तर नवऱ्याला कामाचं बोलावणं येत नाही. फ्रिज यादीतच नाही. उन्हाळ्यात याच पत्र्याखाली मुलं उकडून निघतात, त्यांना विचारलंत तर ती पुराआधी उन्हाचं सांगतील.

दुसरी गोष्ट, वस्तीत सर्व्हे करायला माणसं येतात. मी स्वतः सहा वेळा फॉर्म भरायला मदत केली आहे. निष्कर्ष सांगायला एकदाही कोणी परत आलं नाही. फॉर्म भरायला थांबलेल्या बाईची अर्ध्या दिवसाची धुणीभांडी बुडतात, ते पैसे कुठल्या अर्जात मांडणार आहात?

कलाभवनची

बाई, खरं उत्तर देते. उपकरणं, संशोधन सहायकाचं मानधन, प्रवास, किरकोळ खर्च आणि संस्थेचा ओव्हरहेड (कार्यालयीन वाटा) एवढेच रकाने असतात. माहिती देणाऱ्या माणसाच्या वेळेसाठी रकाना नसतो. आम्ही ते किरकोळ खर्चात घालतो, नाहीतर पेन-डबा भेट देतो. लिहितानाही लाज वाटतेय.

हिशेबनीस

लाज वाटून भागणार नाही. सीएसआर किंवा लघु अनुदानात असा खर्च 'स्थानिक स्वयंसेवक मानधन' म्हणून लिहिता येतो, ऑडिटर हरकत घेत नाही. मी लिहून दिलेला आहे. शोधनिधीपेक्षा हे पैसे थोडे असतात, पण सैल असतात.

आणि एक राहिलं. सूर्यघर योजनेतच नावीन्यपूर्ण प्रकल्पांसाठी ५०० कोटी बाजूला काढलेत, बॅटरीसह छतावरचं सोलर त्यात चालतं. खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत मदत मिळते. अर्ज संस्थेने, स्टार्टअपने किंवा उद्योगाने करायचा. उरलेले ४० टक्के आपले.

सेवउसळप्रेमी

म्हणजे पंधरा लाखांतले सहा लाख. आलात ना फिरून वर्गणीवर?

वायरमनकाका

आलो. पण बाईंचं वाचल्यापासून मी वहीत वेगळंच लिहितोय. बॅटरी कुठे ठेवायची हा प्रश्न मी गच्चीवर उभा राहून विचारला होता. बालवाडीची इमारत पक्की आहे ना? तिच्यावर स्लॅब आहे. पहिला संच तिथे, पाण्याच्या फिल्टरसकट आणि दोन पंख्यांसकट, म्हणजे मे महिन्यातही उपयोगी पडेल. नाव जुन्या ट्रस्टचं घेऊ, सर कलाभवनचे घेऊ, पण प्रश्नांचा कागद बाईंच्या वर्गात बसून लिहायचा.

(जाता जाता: गेडा, म्हणजे राज्याची ऊर्जा विकास संस्था, १९७९ साली निघाली तेव्हा ती आपल्या बडोद्यातच होती. सोलर कुकर बघायला आम्ही पोरं रांगेत उभी राहायचो. आता त्या कामासाठी गांधीनगरला जावं लागतं.)

नदीकाठचा

कागदात एक रकाना माझाही टाका. गल्लीत पाणी कुठून शिरलं, किती वाजता. पॅनलवाल्यांना लागणार नाही, नदीवाल्यांना लागेल. तेवढं असेल तर मी येतो. सीएसआरची पाटी लागली तर येणार नाही.

कलाभवनची

पाण्याची आणि विजेची वेळ एकत्र मिळाली तर प्रस्तावाला वजन येईल. अहमदाबादचा २०१३ चा उष्णता कृती आराखडा उभा राहिला तो २०१० च्या लाटेतले मृत्यू दिवसागणिक मोजता आले म्हणून. अडचण अशी की २०२४ च्या पुराची गल्लीनिहाय वेळ कोणाकडे असणार? पाठीमागे जाऊन तर मोजता येत नाही.

कारेलीबागच्या आजी

नातवाकडून टाइप करून घेते आहे. मी कालनिर्णयवर दुधाचे खाडे लिहिते. त्या आठवड्यात दूध आलं नाही, म्हणून रिकाम्या चौकोनांत लाईट गेल्याची वेळ लिहिली, आल्याची लिहिली, आणि जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी होतं तेही. २०१९ चं पानही आहे, पण त्यावर लोणच्याचं तेल सांडलंय. चालेल का?

कलाभवनची

आजी, पत्ता निरोपात कळवा. उद्याच येते. तोवर ती पानं रद्दीत जाऊ देऊ नका.