मदत हवी आहे : टोमॅटोला मर लागली आहे; वाचलेल्या झाडांचं बी धरावं का?

शिवार_जुन्नर (धागाकर्ता)

मार्चच्या पहिल्या आठवड्यातली लागवड. मध्यम काळी जमीन, ठिबक, चंदेरी-काळा मल्चिंग पेपर. वाण संकरित, पाकिटावर 'एफओएल : ०, १' (फ्युजारियम मरीच्या बुरशीच्या कोणत्या जातींना प्रतिकार आहे ते) छापलेलं. पन्नासाव्या दिवसापासून, फळं लिंबाएवढी असताना, खालची पानं एकाच बाजूने पिवळी पडू लागली. दुपारी झाड मान टाकतं, संध्याकाळी सावरतं, आठ-दहा दिवसांत वाळतं. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचं ड्रेंचिंग (मुळाशी द्रावण ओतणं) दोनदा झालं, फरक नाही. त्याच ओळीत मधली काही झाडं मात्र ठणठणीत आहेत.

ही मर नक्की कुठली? आणि या ठणठणीत झाडांचं बी धरलं तर प्रतिकारक वाण तयार होईल का?

रोपवाटिका_४१

दादा, आधी खोड कापून बघा. जमिनीलगत साल तिरकी सोलायची. सालीखाली तपकिरी रेघ दिसली, ती वर दुसऱ्या-तिसऱ्या घडापर्यंत गेलेली असली आणि मधला गाभा पांढरा असला, तर फ्युजारियम बुरशीची मर समजा. मग खोडाचा दोन इंचांचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात टोक बुडेल असा धरा, हलवू नका. पाच मिनिटांत दुधासारखी धार खाली उतरली तर ती जिवाणूजन्य मर. त्या मरीत झाड पिवळं न पडता हिरवंच कोमेजतं आणि गाभाही तपकिरी होतो. एका बाजूने पिवळं पडणं फ्युजारियमकडे बोट दाखवतं, पण ग्लास बघितल्याशिवाय नक्की धरू नका.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण प्रतिकारक म्हणून लोक अर्का रक्षक हा संकरित वाण आणतात. तो जिवाणूजन्य मर, पर्णगुच्छ आणि लवकर येणारा करपा या तिन्हींसाठी आहे. फ्युजारियमच्या रानात त्याच्यावर विसंबू नये.

बीजगुण

बियाच्या प्रश्नाचं उत्तर : नाही, धरू नका. संकरित वाणाच्या पहिल्या पिढीतली सगळी झाडं जनुकांनी एकसारखी असतात. मेलेल्या झाडात जे आहे तेच वाचलेल्यातही आहे. त्याच्या मुळाशी बुरशी कमी होती किंवा उशिरा पोचली, म्हणून ते वाचलं. उलट त्याच्या बियातून जनुकं फुटतात. प्रतिकाराचं एक प्रबळ जनुक आईबापांपैकी एकाकडूनच आलेलं असेल, तर पुढच्या पिढीत साधारण चारातलं एक झाड त्याच्याशिवाय निघतं. म्हणजे आहे तेही गमवाल.

प्रतिकार रानटी नातेवाइकांकडून आणावा लागला. १९४०च्या सुमारास अमेरिकेत बेदाण्याएवढ्या फळाच्या रानटी टोमॅटोतून 'आय' जनुक मिळालं आणि त्यावर 'पॅन अमेरिका' हा वाण निघाला. त्याला चुकवणारी बुरशीची दुसरी जात ओहायोत सापडली, मग 'आय-२' शोधावं लागलं. तिसरी जात ऑस्ट्रेलियात सापडली. तिच्यासाठीचं 'आय-३' सोलॅनम पेनेलाय या दुसऱ्याच रानटी प्रजातीतून आलं. बुरशी एक विशिष्ट प्रथिन सोडते, झाडाचं जनुक ते ओळखतं आणि बुरशीला अडवतं. बुरशीने प्रथिन बदललं की जनुक आंधळं होतं.

आता पाकीट बघा. अमेरिकी पद्धतीत जातींना १, २, ३ म्हणतात, पाकिटावरच्या पद्धतीत त्याच ०, १, २ असतात. तुमचा '०, १' म्हणजे पहिल्या दोन जातींपुरताच प्रतिकार. तिसऱ्या जातीसाठी '०, १, २' छापलेलं हवं. यात फार जण फसतात.

शिवार_जुन्नर

खोड कापलं. तपकिरी रेघ दुसऱ्या घडापर्यंत, गाभा पांढरा. ग्लासात धार नाही. मुळांवर मात्र गाठी आहेत.

बीजगुण

मग फ्युजारियम आणि सूत्रकृमी (मुळांवर गाठी करणारे मातीतले सूक्ष्म कृमी) दोन्ही. गाठींच्या जखमांतून बुरशीला आत शिरणं सोपं होतं. '०, १' असून झाडं मरताहेत, त्यामुळे तिसऱ्या जातीची शंका घ्यायला जागा आहे, पण खात्री प्रयोगशाळेतच होईल. ताज्या कोमेजलेल्या झाडाच्या खोडाचा वीतभर तुकडा कागदी पिशवीत घालून नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठात द्या. प्लास्टिकमध्ये तो वाटेतच कुजतो.

स्वतः वाण बनवायचाच असेल तर राहुरीच्या धनश्रीसारखा सरळ (संकरित नसलेला) वाण आई म्हणून घ्या. पाकळ्या पिवळसर होऊ लागलेली, पण न उमललेली कळी निवडून पुंकेसरांचा सुळका चिमट्याने काढायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिकारक झाडाचं पराग लावायचं. मग प्रत्येक पिढीत रोपांची मुळं धुऊन, टोकं छाटून बुरशीच्या द्रावणात, मिलीलिटरला १० लाख बीजाणू या प्रमाणात, बुडवायची. तीन आठवड्यांनी वाचलेली रोपंच आईवाणाशी पुन्हा संकरित करायची. असे पाच-सहा उलटे संकर लागतात. रोप परीक्षेत वाचलं तरच त्या वाचण्याला अर्थ, रानात वाचणं पुरेसं नाही. 'आय-३'सोबत फळ लहान होण्यासारखे नको असलेले गुणही येतात, ते वेगळे करायला वेळ जातो.

रोपवाटिका_४१

दादा, इतकं थांबायचं नसेल तर कलम लावा. जागतिक भाजीपाला केंद्राने शिफारस केलेला ईजी-२०३ हा वांग्याचा खुंट (कलमाचा खालचा, मुळांचा भाग) फ्युजारियम, जिवाणूजन्य मर आणि सूत्रकृमी तिन्हींपुढे टिकतो. वांग्याचं बी टोमॅटोच्या काही दिवस आधी टाकायचं, कारण वांगं हळू वाढतं. दोघांची जाडी जुळली की तिरका काप घेऊन रबरी नळीत बसवायचं आणि आठवडाभर दमट सावलीत ठेवायचं. लावताना जोड मातीच्या वरच राहायला हवा. तो पुरला किंवा मातीचा भर दिला तर टोमॅटो स्वतःची मुळं सोडतो आणि खुंटाचा उपयोग संपतो.

या पिकातली मरकी झाडं मुळासकट काढून रानाबाहेर जाळा. बांधावर टाकू नका. बुरशी रसवाहिन्यांत शिरल्यावर ड्रेंचिंगने झाड वाचत नाही. वर कार्बेन्डाझिमने ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशीही मरते, त्यामुळे ही दोन्ही एकत्र देऊ नका.

पुढच्या उन्हाळ्यात माती तापून बुरशी मरावी म्हणून पाणी देऊन ओल्या रानावर २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद एप्रिल-मेमध्ये चार ते सहा आठवडे अंथरा. चंदेरी-काळ्या पेपरने तेवढं तापत नाही. नंतर खोल नांगरट नको, कारण वरचं वीतभरच तापलेलं असतं आणि खालची बुरशी वर येते.