पामबीचवर नैनसिंगांची माळ: कॉर्टेन कशासाठी?

ऐरोलीकर: कालचा प्रस्ताव असा: जपमाळेच्या मण्यांवर पावलं मोजत तिबेटचं सर्वेक्षण करणाऱ्या नैनसिंग रावतांच्या स्मरणार्थ नवी मुंबईच्या पामबीच रस्त्यावर, खाडीच्या बाजूला, दर ८० मीटरवर कॉर्टेन स्टीलचा (वरचा गंजच आतल्या धातूला राखतो असं पोलाद) एक मणी, असे १००. 'गंज हीच शोभा, देखभाल शून्य.' हे शेवटचं वाक्य साफ चूक आहे. कॉर्टेनचा गंज स्थिरावायला पत्रा भिजून पुन्हा सुकावा लागतो. इथे जून ते सप्टेंबर तो सुकतच नाही, आणि पुढे खाडीची खारी हवा. मिठातलं क्लोराइड असलं की गंजाचा थर घट्ट बसत नाही, पापुद्रे सुटत राहतात. पोकळ मण्यात पाणी साचलं की पत्रा आतून खाल्ला जातो. तळाला निदान १२ मिमीचं भोक हवं, तेही पानांनी बुजतं. शिवाय खालच्या फरशीवर तांबूस ओघळ, ते कोण घासणार?

भट्टीवाला: मग पुन्हा फायबरचा पुतळा? त्याच्या आत एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा सांगाडा असतो. जेलकोटला, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थराला, उन्हाने केसाएवढी चीर गेली की पाणी शिरतं, सांगाडा गंजून फुगतो आणि कवच फोडतो. कॉर्टेनला नाव ठेवण्याआधी जाडी बघा. ३ ऐवजी ८ मिमी घ्या, सांधे सलग वेल्ड करा, पाणी अडेल अशी खाच ठेवू नका.

ऐरोलीकर: ८ मिमी पत्र्याचा एक मीटर व्यासाचा गोळा साधारण २०० किलो भरतो. शंभरांचे २० टन, आणि खाली भराव नि मऊ चिखल. पाये सारखे खचत नाहीत, दोन-तीन पावसाळ्यांत निम्मे मणी कलतील.

घणसोली: स्टेनलेस करा, विषय मिटला.

भट्टीवाला: कुठलं स्टेनलेस? नेहमीचं ३०४ प्रतीचं खाडीवर तपकिरी डाग धरतं. ३१६एल लागेल, त्यात गंज रोखणारा मॉलिब्डेनम धातू २ ते ३ टक्के असतो. तेही ब्रश फिनिश नको, रेघांत मीठ अडकतं. वेल्डला पिकलिंग पेस्ट (जळका थर काढणारं आम्ल) लावली नाही तर गंज तिथूनच सुरू होतो. आणि खालची गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली बेसप्लेट थेट जोडली तर ती आधी खाल्ली जाते, मध्ये नायलॉनचे वॉशर लागतात.

घणसोली: ठेकेदार हे करत नाहीत! निविदेत '३१६' लिहिलेलं असतं, बसतं ३०४. मॉलिब्डेनमची चाचणी देणारं किट मिळतं, पण बिल पास करताना ते कुणी काढत नाही.

नेरुळ_पायी: दिवसभर धातूवर भांडताय, नैनसिंग गेले कुठे? नेहमीची जपमाळ १०८ मण्यांची, त्यांची १००. दर १०० पावलांना एक मणी. २००० पावलांचा मैल, म्हणजे अख्खी माळ ५ मैल, ८ किलोमीटर. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद. असं मोजत ते १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचले, १८७७ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. चालण्यातून मोठं झालेलं काम भरधाव गाडीतून कसं दिसणार? शिवाय त्या बाजूला कांदळवन आहे, ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला परवानगी मिळणार नाही.

भट्टीवाला: परवानगी मागायच्या आधीच नाही म्हणायची सवय सोडा.

नेरुळ_पायी: नियम मी केलेला नाही. उद्यानातल्या चालण्याच्या वाटेत ८०.५ सेंटीमीटरवर आडव्या पट्ट्या बसवा. शंभर पट्ट्यांनंतर एक गोल दगड. माणूस स्वतः पाऊल जुळवून बघेल, आणि तेच पाऊल दोन हजार वेळा सारखं टाकणं किती अवघड आहे ते कळेल.

ऐरोलीकर: हे पटतंय. पितळेच्या पट्ट्या मात्र नकोत, ओल्यात पाय सरकतो.

भट्टीवाला: ठीक, पट्ट्या मान्य. काळा ग्रॅनाइट, फ्लेम फिनिश (ज्योतीने खरबरीत केलेला), पॉलिश अजिबात नको. ५० मिमी जाड, काँक्रीटच्या थरावर, वाटेच्या पातळीत, नाहीतर धावणाऱ्याचा पाय अडकतो. पण सुरुवातीला एक उभा मणी हवाच, ब्राँझचा. वर्षातून दोनदा मेण लावलं की पुरे.

घणसोली: ब्राँझ चोरीला जाऊन भंगारात विकलं जाईल.

भट्टीवाला: मग भरीव बेसाल्ट. ६० सेंटीमीटर व्यास धरा, सव्वातीनशे किलो, क्रेनशिवाय हलणार नाही. आता वजनाची तक्रार करू नका, एकच आहे.