‘एक देश, एक विद्यापीठ कायदा’ म्हणणाऱ्यांना नाशिकहून उत्तर

गोदाकाठचा (धागाकर्ता)
काल सिडकोकर यांनी लिहिलं की राज्यांचे विद्यापीठ कायदे मोडीत काढा, यूजीसीचा (केंद्राच्या विद्यापीठ अनुदान आयोगाचा) एकच कायदा देशभर लावा, म्हणजे कुलगुरू निवडीतलं राजकारण संपेल आणि निकालही वेळेवर लागतील. झोपायला निघालो होतो, हे वाचलं आणि झोप गेली.

अहो, तुम्ही नाशिकमध्येच राहता ना? मग जरा आजूबाजूला बघा. गंगापूर धरणाकडे मुक्त विद्यापीठ, त्याचा १९८९ चा वेगळा कायदा. म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ, त्याचा १९९८ चा. आणि कॉलेज रोडवरची बीए-बीकॉमची पोरं पुणे विद्यापीठाची, तिथे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६. म्हणजे शहरात दोन सरकारी विद्यापीठं, पण २०१६ चा कायदा दोघांनाही लागू नाही. ज्याला लागू आहे ते दोनशे किलोमीटरवर. हे कुणाच्या डोक्यातलं खूळ नाही. राज्यभरच्या मेडिकल कॉलेजांच्या परीक्षा घेणं आणि नोकरी करणाऱ्याला घरबसल्या पदवीपर्यंत नेणं ही कामंच वेगळी आहेत.

आता तुमचा लाडका विषय, कुलगुरू. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नियमांचा मसुदा काढला. शोध समितीत तिघे: एक कुलपतींचा (म्हणजे राज्यपालांचा), एक यूजीसीचा, एक विद्यापीठाचा. राज्य सरकारचा कुणीच नाही. जमीन राज्याची, पगार राज्याचा, पुढच्या पेन्शनी राज्याच्या, आणि कुलगुरू निवडताना राज्याने दाराबाहेर बसायचं. याला तुम्ही सुधारणा म्हणता?

सिडकोकर
माझंच नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे.
राज्याचं प्रेम एवढं उतू जातंय तर डिसेंबर २०२१ आठवा. विधिमंडळाने विधेयक मंजूर केलं होतं: कुलगुरूपदासाठी सरकार दोन नावं पाठवणार, राज्यपालांनी त्यातलं एक निवडायचं, वर उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती, म्हणजे कुलपतींच्या खालोखाल. राज्यपालांची सही झाली नाही आणि पुढच्या सरकारने ते मागे घेतलं म्हणून वाचलो. तुमची स्वायत्तता ती हीच का? मंत्रालयातून चालवण्यापेक्षा दिल्लीतून चाललेलं बरं. दिल्लीवाल्याला निदान इथल्या संस्थाचालकाचा मेहुणा कोण ते माहीत नसतं.

कोर्टरोड
दोघेही हवेत बोलताय. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती (केंद्र-राज्य दोघांच्या) सूचीत गेलं हे सगळ्यांना पाठ असतं. पण उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं ही केंद्राच्या सूचीतली ६६ वी नोंद, ती १९५० पासून आहे. विद्यापीठ स्थापन करणं ही राज्याच्या सूचीतली ३२ वी. भांडण या दोन नोंदींमधलं आहे आणि कुलगुरूपदापुरतं सर्वोच्च न्यायालयाने ते केंद्राच्या बाजूने सोडवलंय. मार्च २०२२ मध्ये गुजरातच्या सरदार पटेल विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक रद्द झाली, ऑक्टोबरमध्ये केरळच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या. दोन्हीकडे यूजीसीचे नियम पाळले नव्हते, राज्याचा कायदा कामी आला नाही. तेव्हा ‘राज्य मोठं की केंद्र’ हा वाद चहाच्या टपरीवर ठीक.

गोदाकाठचा
वकीलसाहेब, कायदा काय आहे ते मला कळतं. तो बरोबर आहे का, हा माझा प्रश्न आहे. पुण्याला मे २०२२ ते जून २०२३ पूर्णवेळ कुलगुरू नव्हता, प्रभारींवर कारभार चालला. दिल्ली आणि मुंबई दोघींचा मेळ बसेपर्यंत आमची पोरं थांबली.

सिडकोकर
थांबली कुठे? परीक्षा झाल्या, निकाल लागले. (उशिरा लागले, पण ते कुलगुरू असतानाही लागतात.)

तासिकावाला
मी इथे सहसा लिहीत नाही. पण गेली अकरा वर्षं सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवतोय आणि तुम्ही सगळे कुलगुरूंच्या खुर्चीभोवती फेर धरलाय, म्हणून लिहितो.

यूजीसीचे नियम बंधनकारक ना? मग ऐका. २०१८ च्या नियमांत आहे की कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या दहा टक्क्यांच्या वर नकोत. २०१९ मध्ये यूजीसीनेच अतिथी अध्यापकाला एका तासिकेला १५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असं ठरवलं. माझ्या विभागात आम्ही पाच जण, कायम एक. १५०० चा आकडा मी फक्त पीडीएफमध्ये बघितलाय.

आमचं बिल कसं होतं सांगतो. तासिका ४८ मिनिटांची, मोबदला घड्याळी तासाचा. म्हणजे पाच तासिका शिकवल्या की तक्त्यात चार तास लिहायचे. तक्ता निळ्या पेनाने, खाडाखोड चालत नाही. त्यावर विभागप्रमुखांची सही, मग प्राचार्यांची, मग कागद पुढच्या कार्यालयात. एका वर्षी ऑगस्टपासूनचे पैसे मार्चमध्ये आले. आणि मे महिन्यात आम्ही शिक्षकच नसतो. कॉलेजचं नाव विचारू नका, जूनमध्ये परत मुलाखतीला तिथेच उभं राहायचंय.

कुलगुरू नेमताना यूजीसीची एक ओळ चुकली तर सर्वोच्च न्यायालय. आमच्या दहा टक्क्यांची ओळ कोण वाचतं?

निवृत्त_ओएस
तासिकावाला सर, कॉलेजच्या ऑफिसात बत्तीस वर्षं हेच तक्ते तपासले आहेत. खाडाखोड आम्ही चालवून घेत नव्हतो कारण ऑडिटला आमची मान जायची. तुमचे हाल खरे, पण दर वेळी कारकुनाला व्हिलन करू नका. वरून अनुदानच येत नाही तर बिल काय स्वतःच्या खिशातून काढू?

तासिकावाला
ताई, कारकुनाचं नावही घेतलं नव्हतं.

निवृत्त_ओएस
‘पुढच्या कार्यालयात’ म्हणालात. तिथे आम्हीच बसतो.

सिडकोकर
बघा, म्हणजे माझंच खरं. राज्य पैसे देत नाही, केंद्राचा नियम पाळत नाही. केंद्राचा कायदा सक्तीचा करा, आपोआप १५०० मिळतील.

तासिकावाला
आपोआप? २०२५ च्या ज्या मसुद्याची तुम्ही आरती ओवाळताय त्यात ती दहा टक्क्यांची मर्यादाच काढून टाकली आहे. वाचलाय का मसुदा, की व्हॉट्सॲपवरचा सारांश?

सिडकोकर
वाचलाय. तेवढं पान नाही वाचलं. बरं.

गोदाकाठचा
😀 ही कबुली जपून ठेवतो. आणि पैशांचं बोलायचं तर सातव्या वेतन आयोगाच्या वाढीव बोजातला निम्मा हिस्सा केंद्राने दिला, तोही ३१ मार्च २०१९ पर्यंतच. पुढचं सगळं राज्याच्या गळ्यात. नियम करणाऱ्याला बिल भरावं लागत नसेल तर तो नियम सढळ हाताने करणारच. लग्नात आहेर दुसऱ्याने करायचा असला की आपणही साडी भारीतलीच सुचवतो.

नाशिकरोडकर
सगळ्यांनी मूळ मुद्दा सोडलाय. बीए-बीकॉमच्या पोरांसाठी नाशिकला स्वतःचं विद्यापीठ का नाही? जळगावला १९९० मध्ये पुण्यातून काढून दिलं. सोलापूरला २००४ मध्ये एका जिल्ह्यासाठी दिलं. गडचिरोलीला २०११ मध्ये. आम्हाला शिवनईचं उपकेंद्र. कुंभमेळा आला की नाशिक महान, विद्यापीठाची वेळ आली की आम्ही पुण्याचे.

कोर्टरोड
हा मूळ मुद्दा नाहीच, पण उत्तर देतो. ते दिल्लीत होणार नाही, मुंबईतच होईल. ३२ वी नोंद.

नाशिकरोडकर
म्हणजे राज्याचा कायदा हवाच. सिडकोकर, ऐकताय?

सिडकोकर
ऐकतोय. पण नवीन विद्यापीठ म्हणजे नवीन कुलगुरू बंगला, नवीन सिनेट (विद्यापीठाची अधिसभा), त्यात पदवीधरांच्या दहा जागा, त्यासाठी तेच पॅनेलवाले मिसळ पार्ट्या देत फिरणार. माझ्या भाचीच्या मार्कशीटवर आडनावात ‘ळ’ च्या जागी ‘ल’ पडला. दुरुस्तीसाठी चार वाऱ्या, दोन प्रतिज्ञापत्रं, आणि दुरुस्त होऊन आलं तेव्हा आईचं नाव गायब. विद्यापीठ कुठलं ते सोडा. सिनेटमधल्या एकाला फोन केला तर म्हणाला, ‘मीटिंगमध्ये विषय घेतो.’ दोन वर्षं झाली. म्हणून मला राज्याच्या कायद्याचं कौतुक नाही, समजलं?

निवृत्त_ओएस
‘ळ’ चं सांगते. अर्ज इंग्रजीत भरतात, तिथे दोन्हीला एकच अक्षर. मराठी नाव त्यावरून टाइप होतं. यात कुठला कायदा काय करणार? अर्जावर मराठी नाव नीट लिहून त्याची झेरॉक्स ठेवायची.

सिडकोकर
झेरॉक्स होती.

निवृत्त_ओएस
मग मात्र आमचीच चूक.

गोदाकाठचा
सिडकोकर, राग समजला. पण मार्कशीट दुरुस्त करणारा माणूस दिल्लीत बसवला तर चार वाऱ्यांचं भाडं जरा वाढेल, एवढंच म्हणतो. २०२१ चं ते विधेयक वाईट होतं, हे मान्य. दोन नावांत राज्यपालांनी काय निवडायचं, कप्पाळ. पण दारावरचा एक रखवालदार चोर निघाला म्हणून किल्ल्या शेजारच्या सोसायटीला देत नाहीत.

कोर्टरोड
रखवालदार, साडी... उपमा आवरा. २०१८ चे नियम आजही लागू आहेत. तासिकावाला सर, दहा टक्क्यांवर खरंच काही करायचं असेल तर तुमच्या कॉलेजची मंजूर पदं आणि भरलेली पदं माहितीच्या अधिकारात मागवा. अर्ज तुमच्या नावाने नको, मी माझ्या नावाने करतो. मेसेज करा.

सिडकोकर
एक प्रत मलाही. राज्याच्या विरोधात वापरायला.

तासिकावाला
कुणाच्याही विरोधात वापरा. रात्री मेसेज करतो, आत्ता तक्ता भरायचाय. २३ तासिका झाल्यात, म्हणजे १८ तास २४ मिनिटं. त्या २४ मिनिटांसाठी तक्त्यात रकाना नाही.