मदत हवी आहे: एचओ लेआउटवर खिडकीकडच्या बाजूला गाडी मरते, मीटर मात्र सगळीकडे फुल व्होल्टेज दाखवतो

खाडीपलीकडची:

नमस्कार. मॉडेल रेल्वे करणारं इथे कोणी असेल तर प्लीज वाचा, थोडं लांबलंय.

आमचं घर ऐरोलीला. दोनातल्या छोट्या बेडरूममध्ये ८ बाय ४ ची अख्खी प्लाय टेबलासारखी उभी केलीय आणि तिच्यावर एचओचा लेआउट आहे, म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून आल्यापासून लेकाने जो धोशा लावला त्यातून हे सुरू झालं. आता लेक संध्याकाळी क्रिकेटला आणि टेबलाखाली मी, असं चाललंय.

लेआउट साधाच आहे. एक ओव्हल, फेरी साधारण सहा मीटरची, बहुतेक सगळे सेटट्रॅकचे म्हणजे ठरलेल्या मापाचे तयार तुकडे, फक्त खिडकीखालच्या सरळ भागात फ्लेक्स ट्रॅकची, म्हणजे वाकवता येणाऱ्या रुळाची, तीन फुटी अख्खी पट्टी टाकलीय. दाराच्या बाजूला एक सायडिंग (मेन लाइनमधून फुटणारा बाजूचा रूळ), त्याला इन्सुलफ्रॉगवाला पॉइंट, म्हणजे रूळ बदलायची जागा, जिच्यात रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा (फ्रॉग) प्लास्टिकचा आहे. कंट्रोलर १२ व्होल्ट डीसीचा, सेटबरोबर आलेला, आणि त्याच्या दोन वायरी ट्रॅकला एकाच ठिकाणी जोडल्यात, दाराजवळ.

आता प्रॉब्लेम. दाराच्या बाजूला गाडी मस्त पळते, वळण घेते, आणि खिडकीखालच्या सरळ भागात आली की जीव गेल्यासारखी हळू होते, पाच डबे लावले तर कधीकधी थांबतेच, बोटाने ढकललं की पुढच्या वळणावर परत सुसाट. वळणावर हळू झाली असती तर समजलं असतं, पण सरळ रुळावर का? उतार-चढ नाहीये, लेव्हल बॉटल ठेवून बघितलंय. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, इंजिनाची चाकं पुसली, दुसरं इंजिन लावलं, तेही तिथेच मरतं. मीटर लावला तर दाराजवळ ११.८ आणि खिडकीखालीही ११.८! म्हणजे करंट पोचतोय ना? मग?

दुसरं म्हणजे सायडिंग. पॉइंट सायडिंगकडे टाकला की कधी तिकडे पॉवर येते कधी नाही, पॉइंटची पाती बोटाने दाबून धरली की येते. आणि आमचं छोटं सहाचाकी शंटर (डबे हलवायचं इंजिन) पॉइंटच्या फ्रॉगवर हळू गेलं की अडकतं, मोठं डिझेल अडकत नाही.

एकाने सांगितलं की डीसीसी (डिजिटल कंट्रोल) घ्या, सगळे प्रश्न सुटतील. खर्च बघून डोळे फिरले, पण खरंच सुटत असतील तर विचार करीन. तुम्हाला काय वाटतं?

माजिवडा_जंक्शन:

ताई, डीसीसीचा विषय आत्ता बाजूला ठेवा. डीसीसीत रुळावर सतत पॉवर असते आणि त्याच पॉवरमधून इंजिनातल्या डीकोडरला सिग्नल जातो, त्यामुळे रुळाचा संपर्क खराब असेल तर तिथे गाडी नुसती हळू नाही होत, डीकोडर रिसेट होऊन झटके खाते. वायरिंग धड नसताना डीसीसी घेणं म्हणजे प्रॉब्लेम महाग करून घेणं. वायरिंग नीट झालं की मग बघा, हौस म्हणून.

बाकी रूळ पुसायला सँडपेपर अजिबात वापरू नका, कोणीतरी सांगेलच तुम्हाला. त्याने चरे पडतात आणि त्या चऱ्यांत घाण जास्त बसते. शिवाय बेडरूमचं दार किचनसमोर असेल तर फोडणीचा धूर रुळावर बसतो, तो चिकट थर वेगळाच.

ब्रॉडगेजवाला:

लेआउट इंडियन आहे का? असेल तर एक बारीकशी गोष्ट, आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, भागिले ८७ केलं की १९.३ मिमी येतं. १६.५ हा स्टँडर्ड गेजचा म्हणजे १४३५ चा हिशोब आहे. त्यामुळे आपलं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन बघायला गेलं तर ती थोडी अरुंद पायांवर उभी असते.

खाडीपलीकडची:

@ब्रॉडगेजवाला, हो, माहितीये, आणि अरुंद पायांवर का होईना पण उभी तरी राहूदे, ती खिडकीखाली बसते हा प्रश्न आहे 😀

@माजिवडा_जंक्शन, किचन समोरच आहे. पण धूर फक्त खिडकीखालीच कसा बसेल?

लाल_हिरवा_पिवळा:

मी रेल्वेत सिग्नल खात्यात होतो, आता कळव्याला घरी बसून नातवाबरोबर हाच उद्योग करतो. तुमच्या वर्णनावरून उत्तर बरंचसं दिसतंय पण आधी मीटरचा गोंधळ सोडवू.

तुम्ही ११.८ मोजलं तेव्हा रुळावर गाडी नव्हती ना? मग करंट वाहतच नव्हता. व्होल्टेज पडतं ते करंट वाहायला लागल्यावर, आणि मीटर स्वतः जवळजवळ काहीच ओढत नाही. सोसायटीत नळ बंद असताना पाइपात प्रेशर पूर्ण असतं, पाइप गंजून अर्धा बुजलाय हे नळ उघडल्यावरच कळतं, तसंच हे. त्यामुळे लोड लावून मोजा. स्कूटरचा १२ व्होल्ट ५ वॅटचा पार्किंग बल्ब घ्या, एलईडी नको, जुना फिलामेंटवाला, तो साधारण ०.४ अँपिअर ओढतो म्हणजे एका इंजिनाएवढा. त्याला दोन वायरी लावा, खिडकीखाली दोन रुळांना टेकवा आणि बल्ब पेटलेला असताना तिथेच मीटर लावा.

आणि त्यापुढची महत्त्वाची टेस्ट. बल्ब तसाच पेटता ठेवून मीटरच्या दोन पिना एकाच रुळाच्या सांध्याच्या अलीकडे-पलीकडे लावा. चांगला सांधा असेल तर व्होल्टच्या शंभराव्या भागातले आकडे येतील. जिथे एकदम मोठा आकडा येईल तो सांधा आजारी. असं करत एकेक सांधा तपासत जा, तासाभराचं काम आहे.

आता कारण. रेल जॉइनर, म्हणजे ती छोटी पत्र्याची चिमटी, दोन रूळ सरळ रेषेत धरायला असते. वीज नेणं हे तिचं खरं काम नाही, नवी असताना नेते म्हणून आपण तिच्यावर अवलंबून राहतो. खऱ्या रेल्वेत आम्ही हे कधीच करत नव्हतो. फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी, बोल्ट लावून कितीही आवळली तरी गंज, धूळ, हादरे याने तिचा भरवसा नसतो आणि ट्रॅक सर्किट (रुळातल्या विजेवरून गाडी आहे का ते ओळखणारं) तर अगदी थोड्या व्होल्टेजवर चालतं, म्हणून प्रत्येक फिशप्लेटच्या सांध्याला रुळातून रुळात बाँड वायर टाकतात. सांधा असलेल्या जुन्या यार्डात प्लॅटफॉर्मवरून नीट बघितलंत तर ती वायर दिसेल. तुमच्या सहा मीटरच्या फेरीत किमान वीसेक तुकडे असणार, दोन रूळ म्हणजे दुप्पट सांधे, आणि सगळ्यांना मिळून पॉवर एकाच जागेवरून. त्यात ऐरोलीची खाडीवरची दमट हवा.

तरी एक विचारतो, फेरी बंद आहे म्हणजे खिडकीपर्यंत करंट दोन्ही बाजूंनी येऊ शकतो. एकच सांधा खराब असता तर दुसऱ्या बाजूने भागलं असतं. तेव्हा दोन्हीकडे काहीतरी आहे. त्या भागात अलीकडे काही काम केलंत का? रंग, बॅलास्ट वगैरे?

खाडीपलीकडची:

काका, तुम्ही ज्योतिषी आहात का 😲 बॅलास्ट फक्त त्याच पट्टीला घातलाय, पाऊस सुरू व्हायच्या आधी. बारीक खडी पसरून वरून पाणी घातलेला फेविकॉल ड्रॉपरने सोडला, सगळीकडे अशीच पद्धत सांगतात. बल्ब आणते आज.

लाल_हिरवा_पिवळा:

पद्धत बरोबरच आहे. फक्त पातळ फेविकॉल जॉइनरच्या चिमटीत खेचला जातो, तिथे वाळतो आणि रूळ नि चिमटी यांच्यामध्ये प्लास्टिकसारखा पापुद्रा धरतो. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून बॅलास्टच्या आधी फीडर वायर (रुळाला थेट पॉवर देणाऱ्या) घालून टाकायच्या असतात. आकडे टाका इथे.

खाडीपलीकडची:

आकडे घ्या. बल्ब लावून दाराजवळ ११.६, खिडकीखाली ७.९!! पट्टीच्या दोन टोकांचे सांधे, दोन्ही भिंतीकडच्याच रुळाचे, एकावर २.६ आणि दुसऱ्यावर २.४. बाकीचे सगळे ०.०५ च्या आसपास किंवा कमी. म्हणजे अख्खी फ्लेक्सची पट्टी एका रुळाने उपाशी होती. लेक पण आला होता मीटर धरायला, त्याला हा शोधाशोधीचा भाग गाडी चालवण्यापेक्षा जास्त आवडला बहुतेक.

आता सांधे उखडू का? बॅलास्ट खराब होईल सगळा.

माजिवडा_जंक्शन:

उखडू नका! सांध्याला हातच लावू नका. पट्टीच्या मधोमध दोन्ही रुळांना खालून एकेक वायर द्या आणि ती टेबलाखालून थेट कंट्रोलरकडे न्या, झालं. आणि तेवढंच करून थांबू नका, टेबलाखाली दोन जाड वायरी फिरवा, १.५ स्क्वेअर एमएमची घरच्या वायरिंगची वायर चालते, लाल आणि काळी, आणि दर मीटरभराला त्यातून रुळाला बारीक वायर काढा. रूळ निकेल सिल्व्हरचे असतात, नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते, तांबं, जस्त आणि निकेल, आणि नुसत्या तांब्यापेक्षा त्याचा रेझिस्टन्स कितीतरी जास्त. म्हणून करंट लांब न्यायचा तो तांब्याने, रुळाने नाही. जुन्या १५०० व्होल्ट डीसीच्या लोकललाही सबस्टेशनं जवळजवळ लागायची ती अशाच हिशोबाने, २५ हजार एसीला लांब लांब चालतात.

रुळाला डाग देताना (सोल्डरिंग करताना) रुळाची बाहेरची बाजू आधी घासून चकचकीत करा, रोझिन फ्लक्स लावा, ॲसिडवालं पत्र्याच्या कामाचं फ्लक्स नको. वायरीच्या टोकाला आधी कथील चढवून घ्या. सोल्डरिंग आयर्न चांगलं तापलेलं हवं, दोन-तीन सेकंदात काम आटपा. थंड आयर्न जास्त वेळ धरलं की स्लीपर वितळतात, लोकांना उलटं वाटतं. दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवले की उष्णता पुढे जात नाही.

नेरूळ_नॅरोगेज:

मध्येच घुसतो. सगळे सांधे डाग देऊन पक्के करायच्या मोहात पडू नका, थोडी फट राहूदे. रूळ उन्हाळ्यात फार वाढत नाही, मीटरला पाव मिमी धरा, पण प्लाय पावसात फुगते नि हिवाळ्यात आकसते, आणि सगळं जाम असेल तर रूळ मध्येच वर उचलतो. आमच्याकडे एमडीएफ होता, त्याची तर पापडी झाली.

लाल_हिरवा_पिवळा:

सायडिंगचं राहिलं. इन्सुलफ्रॉग पॉइंटमध्ये पाती बाहेरच्या रुळाला टेकते आणि त्या टेकण्यातूनच पुढे पॉवर जाते. दाबून धरल्यावर येते म्हणजे तिथे मळ आहे किंवा स्प्रिंग ढिली. पातीची आतली बाजू आणि ती जिथे टेकते तो रूळ, दोन्ही जाड कागदाला आयसोप्रोपिल लावून, कागद मध्ये धरून ओढून पुसा. कायमचा उपाय म्हणजे पॉइंटच्या पलीकडे सायडिंगलाही वेगळी वायर. पण मग एक गोष्ट होईल, सायडिंग कायम चालू राहील आणि तिथे उभं केलेलं इंजिन मेन लाइनवरच्या गाडीबरोबर पळायला लागेल. तेव्हा त्या वायरीत एक साधा ऑन-ऑफ स्विच टाका आणि सायडिंगच्या एका रुळात प्लास्टिकचा इन्सुलेटेड जॉइनर घाला, ज्या रुळाच्या वायरीत स्विच आहे त्याच रुळात.

शंटरचं म्हणाल तर फ्रॉगचा तो तुकडा प्लास्टिकचा आहे, तिथे वीज नाही, आणि सहाचाकी इंजिनाची करंट उचलणारी चाकं थोडी आणि जवळजवळ असतात. चाकं साफ ठेवा, फ्रॉगवरून थोडं वेगात न्या. अगदीच हौस असेल तर पुढे कधीतरी लाइव्ह फ्रॉगचा पॉइंट, पण त्याला फ्रॉगनंतरच्या दोन्ही आतल्या रुळांत इन्सुलेटेड जॉइनर लागतात, नाहीतर शॉर्ट.

खाडीपलीकडची:

पट्टीला दोन फीडर दिले. एक स्लीपर वितळलाच, तो बॅलास्टखाली झाकून टाकला. बल्ब लावून खिडकीखाली आता ११.३. पाच डबे घेऊन गाडी सरळ जाते, कुठे हळू होत नाही. बाकीच्या वायरी शनिवारी.

सायडिंगला वायर देणार, स्विच हवाच, कारण तिथे लेकाचं दुसरं इंजिन उभं असतं. टॉगल स्विच मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स मार्केटला (ग्रँट रोड) जाऊनच घ्यावे लागतील की ठाण्यात स्टेशनजवळ मिळतात? आणि काका, इन्सुलेटेड जॉइनर घालायचा तर बसवलेला रूळ न काढता घालता येतो का, की कापावाच लागेल?

लाल_हिरवा_पिवळा:

टॉगल ठाण्यात कुठल्याही इलेक्ट्रॉनिक पार्टच्या दुकानात मिळेल, त्यासाठी ग्रँट रोडला जाऊ नका. रूळ काढायची गरज नाही. पॉइंट संपल्यावर पुढे एक बोटभर जागा सोडून बारीक करवतीने त्या एका रुळात आरपार फट पाडा आणि फटीत प्लास्टिकचा पातळ तुकडा चिकटवून रुळाच्या उंचीला तासून टाका, म्हणजे प्लाय फुगली तरी टोकं परत टेकायची नाहीत. फट पाडायच्या आधी सायडिंगची वायर फटीच्या पलीकडे जोडली आहे ना ते बघा.