लॉन थंडीने गेलं की तहानेने

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. मधल्या लॉनचे फोटो टाकलेत, बघून घ्या. बर्फ जाऊन दोन आठवडे झाले तरी दक्षिणेकडचा अख्खा पट्टा पेंढ्यासारखा पिवळाच आहे. कमिटीत असं बोलणं झालं की सगळं उकरून तयार लॉनच्या लाद्या टाकायच्या. रविवारी मीटिंगला फायनल करू, त्याआधी इथे बोला, मग मीटिंगमध्ये पहिल्यांदाच ऐकलं असं नको

घर ११: थंडीच केवढी होती यंदा. माणसं टिकली हेच खूप, गवताचं काय घेऊन बसलात

घर ४: कृत्रिम टाका एकदाचं. पाणी नको, कटिंग नको, कटकट नको

घर २: कृत्रिमला माझा विरोध, उन्हात तापतं ते, पाय ठेववत नाही. आमच्या गावाकडे हरळी असायची, उपटून फेकली तरी परत यायची. हरळी लावा

घर ७: काका हरळी चिवट खरीच पण ती उन्हाळी गवत आहे हो. थंडी सुरू झाली की पिवळी पडते ती उशिरा वसंतापर्यंत, आणि जमीन खोलवर गोठली की बऱ्याच जाती मुळासकट जातात. आपल्याकडे आहे ते ब्लूग्रास, ते थंडीचंच गवत आहे, उणे वीसच्या आसपास सुद्धा तग धरतं. म्हणूनच मला वाटतंय हे थंडीने गेलेलं नाहीच

घर ११: मग काय भुताने खाल्लं का ताई

घर ७: हसू नका, सेक्रेटरींचे फोटो परत बघा. उत्तरेला क्लब हाउसच्या सावलीत बर्फ सगळ्यात शेवटपर्यंत पडून होता ना, म्हणजे थंडी तिथेच जास्त, आणि हिरवं कुठे आहे तर तिथेच! मेलंय कुठे तर जिथे दिवसभर ऊन, बर्फ टिकतच नाही, वर वारा. थंडीने मारलं असतं तर उलटं दिसलं असतं. बर्फ म्हणजे पांघरूण, त्याच्याखाली ओल राहते. उघड्या जागी दुपारी ऊन आणि कोरडं वारं पात्यांतली, बुडख्यातली ओल उडवत राहतं आणि खाली जमीन एकतर गोठलेली नाहीतर कोरडीठाक, मुळं ओढणार काय? गोठवणाऱ्या थंडीत दोरीवर टाकलेले कपडे पण वाळतात की नाही, तसंच हे

घर ९: कपडे वाळतात हे अगदी खरं. आधी पापडासारखे कडक होतात मग हळूहळू वाळतात

सेक्रेटरी: म्हणजे आता खापर माझ्यावर. थंडीच्या आधी पाणी बंद करून स्प्रिंकलरच्या लाइनमधलं पाणी कॉम्प्रेसरने फुंकून काढावंच लागतं, दोन वर्षांपूर्वी नाही काढलं तर पाइप तडकले, तेव्हा याच ग्रुपवर मला कोण कोण काय काय बोललं ते मी विसरलेलो नाही

घर ७: नाही हो सर, लाइन बंद केली ते बरोबरच केलं. पण लाइन बंद म्हणजे पाणी बंद असं नाही ना. हिवाळ्यात बर्फ नसलेले तीन-चार आठवडे कोरडे गेले की एकदा साध्या नळीने द्यायचं, महिन्याला एक-दोनदा पुरतं. तापमान ४-५ अंशांच्या वर हवं, जमीन गोठलेली नको, आणि दुपारपर्यंत उरकायचं म्हणजे रात्री गोठायच्या आत मुरतं. आणि काम झालं की नळी नळापासून काढून ठेवायची, लावून ठेवली तर नळ फुटतो, हे मी स्वतः करून बसलेय

घर ९: बरं एक विचारू का, आमच्या भिंतीलगत थंडी संपता संपता बारीक लाल ठिपके फिरत होते, खिडकीच्या चौकटीवर पण आले, बोटाने पुसलं की लाल डाग. त्याचा काही संबंध?

घर ७: आहे ना काकू! ते माइट्स, कोळ्याच्या जातीतले बारीक जीव, गवताचा रस शोषतात. माणसाला काही करत नाहीत पण उन्हाकडची भिंत आणि कोरडी जमीन मिळाली की फार वाढतात. औषध मारण्याआधी पाणी द्यायचं, ओल त्यांना मानवत नाही. म्हणजे तुमच्या पट्ट्यावर तहान आणि माइट्स दोन्ही एकदम

घर १४: फुटपाथच्या कडेची फूटभर पट्टी पण गेलीये, तिथे तर सावली असते

घर २: ते मीठ. बर्फ वितळायला गोणीच्या गोणी ओतता तुम्ही लोक. चोपण जमीन करून ठेवलीत. जिप्सम टाका

घर ७: काका बरोबर बोलले. फक्त जिप्सम टाकून सोडून दिलं तर उपयोग नाही, वरून भरपूर पाणी देऊन मीठ खाली धुवून काढावं लागतं. आणि पुढच्या हिवाळ्यात आधी फावड्याने बर्फ काढा, मीठ उरल्यासुरल्याला. खारा बर्फ लॉनवर ढकलू नका एवढं तरी करा

घर ११: बरं बाई मान्य. पण मेलंय की झोपलंय हे कळणार कसं? दोन्ही पिवळंच दिसतं

घर ७: मूठभर गवत धरून ओढा. सहज हातात आलं तर गेलं. नाही आलं तर जमिनीलगतचा बुडखा बघा, पांढरट आणि टणक असेल तर जिवंत, तपकिरी आणि चुरा होत असेल तर मेलेलं. त्यापेक्षा सोपं म्हणजे मातीसकट चार तुकडे कापून घरात खिडकीत ठेवायचे, पाणी घालायचं, दहा-पंधरा दिवसांत कळतं. लाद्यांची ऑर्डर तेवढी थांबवा सर प्लीज

घर ५: आमचा मुलगा करेल, त्याला शाळेच्या प्रोजेक्टला काहीतरी हवंच आहे

सेक्रेटरी: ओके. दोन आठवडे थांबू. घर ४ प्लीज आता कृत्रिमचे व्हिडिओ टाकणं थांबवा, फोन भरला माझा

(बारा दिवसांनी)

घर ५: चार फोटो टाकलेत. १ नंबर उत्तरेकडचा, फुल्ल हिरवा. २ आणि ३ मधले, पात्या फुटल्यात, ३ जरा विरळ आहे. ४ भिंतीजवळचा, त्याला काहीच नाही. मुलगा म्हणतोय अजून दोन दिवस द्या, त्याने त्याला नाव पण ठेवलंय

घर ९: अगं बाई

घर ७: म्हणजे मधलं सगळं वाचलंय, सर. उकरायचं फक्त भिंतीचा पट्टा आणि फुटपाथची कड

घर ४: तिथे तरी कमी पाण्याचं काही टाका. बफेलो ग्रास का काय असतं ते

घर ७: चांगलं आहे ते, अमेरिकेतल्या कोरड्या गवताळ मैदानांतलं, पाणी खरंच कमी लागतं. पण तेही उन्हाळी, पहिलं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडलं की तपकिरी आणि वसंतात सगळ्यात शेवटी हिरवं होणार, मग परत इथे फोटो येतील की मेलं मेलं. मी भिंतीला टॉल फेस्क्यू म्हणेन, ते थंडीचंच गवत आहे, मुळं दोन-तीन फूट खाली जातात. मात्र ते थोंबाथोंबाने वाढतं, ब्लूग्राससारखं जमिनीखालून पसरून खड्डे भरत नाही, म्हणून बी दाट टाकावं लागतं

घर ११: मी तण उगवू नये म्हणून जे दाणे टाकतात ते आणलेत, ते पण टाकू का भिंतीला

घर ७: नको नको!! ते दाणे तणाचं बी आणि आपलं बी ओळखत नाहीत, दोन्ही अडवतात. पेरायचं तिथे ते नाही. खरं तर पेरायला उन्हाळा सरतानाची वेळ सगळ्यात चांगली, जमीन गरम असते, रात्री गार होतात, तण कमी असतं. आता फक्त मेलेला पट्टा पेरू, माती १० अंशांच्या वर टिकायला लागली की. बाकी विरळ भाग उन्हाळा सरतानाच. आणि आताचं बी रुजेपर्यंत दिवसातून दोनदा हलकं पाणी, कोण देणार ते आधी ठरवा नाहीतर बी पाखरं खातील आणि परत भांडण

घर १४: सकाळचं मी देतो

घर ९: संध्याकाळचं मी

सेक्रेटरी: कटिंगवाल्याला काही सांगायचं का

घर ७: हो, ते मुख्य राहिलं. तो टक्कल करतो. सात-आठ सेंटीमीटर उंच ठेवायला सांगा, एका वेळेला एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. उंच गवत स्वतःच्या मुळांवर सावली धरतं, माती कमी सुकते. आणि दहिवर पडलेल्या सकाळी लॉनवरून चालू नका कोणी, गोठलेली पाती पायाखाली चिरडतात, नंतर पावलांचे ठसे तपकिरी दिसतात. घर ११, तुमचा शॉर्टकट

घर ११: ठसे माझे आहेत हे कशावरून

घर २: साइज वरून

सेक्रेटरी: लाद्या कॅन्सल. रविवारच्या मीटिंगला फक्त बी, जिप्सम आणि दबलेली माती मोकळी करायला भोकं पाडायचं मशीन भाड्याने आणायचं, एवढेच तीन विषय. पुढच्या हिवाळ्यात पाणी द्यायच्या तारखा मी इथे टाकत जाईन. भिंतीपर्यंत पोचेल अशी लांब नळी कोणाकडे आहे?

घर २: माझ्याकडे आहे पण मध्ये गळते

घर ९: गळू दे हो भाऊजी, गवतावरच गळेल ना